सुपारीतला गणपती

पुण्यातल्या एखाद्या कार्यालयापाशी मी पिशव्या घेऊन रिक्षातून उतरले की दारातलं कोणीतरी आत वर्दी देतं, "गुरुजी आल्या." त्या पिशव्यांत ताम्हण, पळी-पंचपात्र, दर्भाची जुडी, कागदात गुंडाळलेल्या समिधा, नवग्रहांच्या धान्यांच्या डब्या, तूप, वाती, कापसाची वस्त्रं, जानवी असं सगळं असतं आणि एका स्टीलच्या डब्यात सुपाऱ्या. बाकी काही राहिलं तर यजमानांच्या स्वयंपाकघरात मिळून जातं. सुपाऱ्या मात्र मी स्वतः निवडते. बूड सपाट, कुठे कीड नाही, तांदळाच्या राशीवर न कलंडता बसेल अशी. पुढचे दोन-तीन तास ती सुपारी गणपती असणार असते. शेजारची कुलदेवता, पलीकडच्या ओळीत मातृका. दुकानातून किलोच्या भावानं आणलेली वस्तू देव कशी होते आणि कार्य उरकल्यावर परत सुपारी कशी होते, हे मला बाईंनी शिकवलं. या कामातलं जे थोडंफार मला कळलं आहे, ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

बाई माझ्या गुरू. १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी पुण्यात उद्यान कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, त्या लाटेत शिकून बाहेर पडलेल्यांपैकी त्या. त्याही आधी शिर्डीजवळच्या साकोरीत उपासनी महाराजांनी मुलींना वेदमंत्र आणि यज्ञकर्म शिकवलं होतं. १९४१ साली महाराज गेल्यावर गोदावरीमातांनी तो वारसा पुढे चालवला. आणि मागेच जायचं तर ऋग्वेदात घोषा, अपाला, लोपामुद्रा, विश्ववारा यांच्या नावावर ऋचा आहेत. हे सगळं आम्हा बायकांच्या जिभेवर तयार असतं, कारण मांडवात एखादे काका अजूनही भेटतात आणि बाईमाणसाला अधिकार आहे का, असं विचारतात. बाई या प्रश्नाला कधी उत्तर देत नसत. पंचपात्रात पाणी भरून त्या यजमानांना "डोळ्यांना पाणी लावा" म्हणत आणि कामाला लागत. त्यांचे उच्चार इतके स्वच्छ होते की घटकाभरात मांडवातली कुजबुज आपोआप थांबायची. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

हिशेबाच्या खात्यातली नोकरी सोडून मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझी अपेक्षा सरळ होती. मंत्र म्हणायचा, त्याचा अर्थ समजून घ्यायचा, मग कृती. बाईंकडे क्रम उलटा होता. त्या एकदा म्हणायच्या, आपण दोनदा. संथा अशीच देतात, आणि शेकडो वर्षं वेद पोथीवाचून टिकले ते याच पद्धतीवर. पदं सुटी करून, जोडीनं, पुढेमागे गुंफून म्हणण्याच्या ज्या रीती आहेत, क्रम, जटा, घन, त्यांचा हेतू एकच: एखादी मात्रादेखील हलू नये. या पठणपरंपरेचं युनेस्कोनं २००३ साली कौतुक केलं. बाईंच्या खोलीत त्याचा उल्लेखही झाला नाही. तिथे पोथीतल्या अक्षराखालची आडवी रेघ दिसली की आवाज उतरायचा, डोक्यावर उभी रेघ दिसली की उचलायचा, आणि काहीच खूण नसेल तिथे तो आपल्या मूळ जागी ठाम ठेवायचा. आवाज घसरला की बाई बोलत नसत, नुसता तळहात खाली नेत किंवा वर. काही दिवसांनी माझीच मान त्या हाताबरोबर हलू लागली. अर्थ विचारला की ठरलेलं उत्तर यायचं, "अगं, आधी तोंडात बसू दे."

मला ते जड गेलं. वर्षानुवर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसाला न कळलेली रक्कम पुढे ओढता येत नाही. एकदा मी चिडूनच म्हटलं, "बाई, न कळता म्हणायचं म्हणजे पोपटपंचीच की." त्यांनी मला एकनाथांची गोष्ट ऐकवली. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे राहताना एकनाथांकडे हिशेबाचं काम होतं. एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर बसले आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली. स्वामींनी ती एकाग्रता पाहिली आणि हेच चित्त देवाकडे लाव म्हणाले. मराठी घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बाईंनी त्यावर एवढंच विचारलं, "स्वामींनी नाथांना आधी काय दिलं होतं? उपदेश की वही?" त्यानंतर मी अर्थ विचारायची थांबले नाही, पण हातावर लक्ष द्यायला लागले.

हातावर म्हणजे अक्षरशः हातावर. धर्मशास्त्रानं उजव्या तळहाताचे भाग पाडले आहेत. बोटांची टोकं हे देवतीर्थ, करंगळीचं मूळ हे ऋषितीर्थ, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच हे पितृतीर्थ, अंगठ्याचं मूळ हे ब्रह्मतीर्थ. देवाला पाणी द्यायचं ते बोटांच्या टोकांवरून पुढे सोडायचं. ऋषींना करंगळीच्या बाजूनं. पितरांना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, हात उजवीकडे कलता करून. आचमनाचं पाणी अंगठ्याच्या मुळाकडून ओठांशी न्यायचं, आणि ते किती, तर उडदाचा एक दाणा बुडेल एवढंच. जानवंही याबरोबर जागा बदलतं: देवांसाठी डाव्या खांद्यावर, ऋषींसाठी माळेसारखं गळ्यात, पितरांसाठी उजव्या खांद्यावर. दिशा बदलतात, पूर्व, उत्तर, दक्षिण. देवांना अक्षता, पितरांना तीळ. बाईंनी माझ्याकडून हे रिकाम्या ताम्हणात, नुसत्या पाण्यानं, मंत्राशिवाय करून घेतलं. पाण्याची धार जाड झाली तर पळी परत भरायला लावत. मनगट ताठ राहिलं तर दोन बोटांनी कोपर खाली दाबत. एका ओंजळीतल्या पाण्याला चार वाटा आहेत आणि ते कुठल्या वाटेनं निघतं यावरून ते कोणाचं हे ठरतं, हे कोणी तोंडानं सांगितलं असतं तर मी वहीत टिपून ठेवलं असतं आणि विसरले असते.

त्याचा अर्थ मला कळला तो बऱ्याच पुढे, पितृपंधरवड्यात एका घरी. यजमान पन्नाशीचा, परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वडील त्याच वर्षी गेलेले. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "माझा यावर विश्वास नाही, आईसाठी करतोय. लवकर आटपू या." मी मान डोलावली. तर्पणाला बसल्यावर त्याचा हात सारखा पुढे झुके, पाणी बोटांच्या टोकांवरून पडे. मी त्याचं मनगट धरून हात कलता केला, तीळ घातले आणि म्हटलं, आता सोडा. पाणी अंगठ्याजवळच्या त्या खाचेतून, बाजूनं, त्याच्यापासून दूर गेलं. त्यानं ते पाहिलं. पुढच्या नावाला त्यानं हात आपणहून कलता केला. वडील, आजोबा, पणजोबा. मग आईकडचे. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, त्याला लहानाचं मोठं केलेली एक मावशी होती, तिला देता येईल का. येतं. पितरांच्या यादीत मावशी असते, आत्या असते, सासरे असतात. गुरू असतो, शिष्य असतो आणि नातं नसलेले जिवलगही असतात. ज्यांनी ही यादी केली त्यांनी माणसाच्या आयुष्यात कोण कोण येऊन जातं याचा बारकाईनं विचार केला होता. त्या गृहस्थाला घाई होती, ती नंतर दिसली नाही. त्याचा विश्वास बदलला का, हे मी विचारलं नाही, विचारायचं कामही नव्हतं. त्या दिवशी मला एवढं उमगलं की बाई शब्दांच्या आधी मनगट का धरत होत्या.

संकल्पाचंही तसंच. यजमान पळीभर पाणी हातात घेऊन बसतो आणि पुरोहित त्याच्या वतीनं ठिकाण आणि वेळ सांगतो. बहुतेकांना ती एक लांबलचक गुणगुण वाटते. "मम म्हणा" असं सांगितलं की ते मम म्हणतात आणि पाणी सोडतात. पण त्या गुणगुणीत काय आहे पाहा. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, श्वेतवाराह कल्प, चौदांपैकी सातवं वैवस्वत मन्वंतर, चार लाख बत्तीस हजार वर्षांच्या कलियुगाचा पहिला चरण. तिथून भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि सगळ्यात शेवटी गोत्र सांगून यजमानाचं नाव. ज्या काळाची कल्पनाही करता येत नाही तिथून निघून, एकेक वेस ओलांडत, सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर पाटावर बसलेल्या एका माणसापर्यंत ते वाक्य येऊन पोचतं. गुढीपाडव्याला संवत्सराचं नाव बदलतं. शके १९४७ विश्वावसू, १९४८ पराभव. साठ नावांचं चक्र आहे. पाडव्यानंतरच्या पहिल्या कार्यात नवं नाव उच्चारताना मला दरवर्षी बरं वाटतं.

बाई संकल्पात घाई करू देत नसत. "माणसाला त्याची जागा सांगतेयस, धावत सांगू नकोस," हे त्यांचं वाक्य. या जागेचा प्रश्न अलीकडे फार खरा झाला आहे, कारण आमची निम्मी मुलं समुद्रापार. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका जोडप्याची सत्यनारायणाची पूजा मी इथून पडद्यावर सांगितली, तेव्हा गोदावरीचं काय करायचं, असा पेच होता. तिकडचे पुरोहित त्या भूभागाला क्रौंचद्वीप म्हणतात, ते मला माहीत होतं. नदीसाठी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचार ना, कुठल्या पाण्याकाठी राहता?" त्या मुलीनं क्षणभर थांबून सांगितलं, रॅरिटन. एडिसन तिच्या उत्तरेला आहे. मी संकल्पात रॅरिटनचा उत्तर तीर म्हटलं. तिथी त्यांच्या सूर्योदयानं धरावी लागते, ती आदल्या दिवशीच पंचांगावरून काढून ठेवली होती. पूजा झाल्यावर ती मुलगी म्हणाली, इतकी वर्षं रोज त्या पुलावरून जातो, पण आपण नदीकाठी राहतो असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मला वाटतं, आपल्याकडे एखादी खूण जिवंत राहायची तर तिला अशी नवी नदी जोडायची मुभा हवी. परंपरेनंच ती दिली आहे. देश आणि काळ ज्याचे त्याचे उच्चारायचे, असंच तर पोथी सांगते.

सगळ्याच खुणा इतक्या सुखाच्या नसतात. पौरोहित्याच्या कामात ज्या गोष्टीनं मला सर्वात जास्त त्रास दिला ती म्हणजे हळदी-कुंकवाचं तबक. कलशावर स्वस्तिक काढायला, नवरीला हळद लावायला, औक्षणाला "पाच सवाष्णी बोलवा" म्हणतात. नवरीची आई विधवा असेल तर ती तिच्याच लेकीच्या लग्नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. जिनं कर्ज काढून, दोन-दोन नोकऱ्या करून मुलीला वाढवलं ती कडेला, आणि कन्यादानाला काका-काकू. अशा एका लग्नात मी बाईंबरोबर मदतीला होते. बाईंनी पाट मांडले आणि विचारलं, "संकल्प कोणाचा?" घरातल्या ज्येष्ठांनी काकांचं नाव सांगितलं. बाईंनी मुलीच्या आईकडे पाहिलं आणि परत तोच प्रश्न विचारला. कोणी बोलेना. तेव्हा नवरी म्हणाली, आईचा. बाईंनी काकांचा पाट अदबीनं उचलून बाजूला मांडला, आईला बसवलं, आणि कुंकवाचं तबक आधी तिच्यापुढे धरलं. तिचा हात थरथरत होता. बाईंनी आवाज चढवला नाही, शास्त्रार्थ केला नाही. "ज्याचं दान त्याचा हात," एवढंच त्या म्हणाल्या आणि मधुपर्काला सुरुवात केली.

मी तेव्हापासून हेच करते. कार्य ठरवायला यजमान येतात तेव्हाच सांगून टाकते की आईला बाजूला ठेवणार असाल तर दुसरे गुरुजी पाहा. काही जण दुसरे पाहतात. पण वारं बदलतं आहे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनंही तो कित्ता गिरवायला गावांना सांगितलं. ती बातमी वाचून मला बाईंचा तो उचललेला पाट दिसला. कुंकू ही मंगलाची खूण आहे हे मी मनापासून मानते, रोज लावते. पण खूण माणसाला जवळ बोलावण्यासाठी असते. ती जर दाराशी पहारा करायला बसली तर तिला उठवणं हे पुरोहिताचंच काम आहे, आणि ते मांडवात, मंत्रांच्या मध्ये, सगळ्यांदेखत करायचं असतं.

उठवण्यावरून आता मूळ गोष्टीकडे येते. पूजेत देवाला बोलावणं असतं तसं निरोप देणंही असतं. आवाहन सगळ्यांना आवडतं. फुलं ताजी असतात, माणसं उत्साहात असतात, फोटो काढायचे असतात. विसर्जनाला निम्मी मंडळी जेवणाच्या पंगतीकडे वळलेली असतात आणि बरेच गुरुजीही अक्षता टाकून मोकळे होतात. बाईंचा सगळा कटाक्ष तिथे होता. त्यांच्यापाशी शिकताना आवाहनापेक्षा उत्तरपूजेची उजळणी मी जास्त केली असेन.

घरच्या गणपतीचं उदाहरण घ्या. चतुर्थीला मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून प्राणप्रतिष्ठा करतात, दूर्वेनं डोळ्यांना तूप लावतात, एकवीस प्रकारच्या पत्री वाहतात. दीड दिवसांनी, पाच दिवसांनी, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, आरती, प्रवासासाठी दहीपोह्यांची शिदोरी. मग अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. बाई हे दोन्ही हातांनी करत. डावा हात मूर्तीच्या पाठीशी, उजवा पाटाच्या कडेवर, आणि एक बोटभर उत्तरेकडे सरकवत. पाटाखालच्या तांदळांचा बारीक करकर आवाज येई. तो आवाज होईपर्यंत कोणी मूर्ती उचलायची नाही, असा दंडक होता. त्यानंतर ती मूर्ती म्हणजे माती. सुंदर, प्रेमानं घडवलेली, पण माती. तिला पाण्यात सोडताना रडणाऱ्या मुलांना त्या सांगत, "बाप्पा मघाशीच गेला, तू नमस्कार केलास ना तेव्हा." सुपारीचंही असंच. विसर्जनाच्या अक्षता पडल्या की त्या सुपारी उचलत, पुसत आणि डब्यात टाकत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. घटकाभरापूर्वी जिला साष्टांग नमस्कार घातला ती इतक्या सहज डब्यात? बाईंनी माझा चेहरा पाहून विचारलं, "तुला काय वाटलं, देव सुपारीत अडकून पडला पाहिजे?"

विसोबा खेचरांची गोष्ट मला तेव्हा आठवली. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेला म्हातारा, संतापलेले नामदेव, आणि जिथे पिंड नाही तिथे माझे पाय ठेव म्हणून सांगणारे विसोबा. नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवले तिथे पिंड उभी राहिली. या गोष्टीचा रोख आपण नेहमी देव सर्वत्र आहे याकडे नेतो. मला तिच्यात आणखी एक दिसतं. पंढरीच्या विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवाला, त्याच्या इतक्या लाडक्या रूपाला घट्ट धरून बसलेल्या माणसाला, हात किंचित सैल करायला शिकवण्यासाठी गुरू लागला. तो सैल झाल्यावर नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. पुढेही ते पंढरीलाच होते, भागवत धर्माचा निरोप घेऊन पंजाबपर्यंत गेले, आणि त्यांची पायरी आजही महाद्वारात आहे. फक्त त्यांना आता कुठेही वाकता येत होतं.

बाईंनी हीच रीत स्वतःच्या बाबतीतही पाळली. आमच्या वर्गात गुरुपौर्णिमेला व्यासपूजा होते. चौरंगावर तांदळाची रास, तीवर व्यासांची सुपारी. बाई आमच्या ओळीत, आमच्याच बाजूला बसत. पहिल्या वर्षी आम्ही काही जणींनी त्यांची पाद्यपूजा करायचा घाट घातला होता, चांदीचं ताम्हण आणलं होतं. त्यांनी ते ताम्हण व्यासांपुढे ठेवायला लावलं. "मला जे द्यायचं ते तिकडे द्या. मलाही तिकडूनच आलंय." दक्षिणा घेत, नाही असं नाही. काम करणाऱ्याला मोल मिळालं पाहिजे यावर त्या ठाम होत्या, आणि बायका संकोचानं दक्षिणेचा आकडा बोलत नाहीत याचा त्यांना राग यायचा. पण पाया पडून घेणं त्यांना सोसत नसे. पूजा झाली की व्यासांच्या सुपारीचंही विसर्जन, तिचीही रवानगी डब्यात. मग चहा आणि पुढची संथा.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिकवण्याचं एक चित्र आहे. आचार्य पहिलं अक्षर, शिष्य पुढचं अक्षर, आणि विद्या हा त्या दोघांमधला सांधा. त्याच वल्लीत शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घे, बाकीची घेऊ नकोस. इतकं निखळ वाक्य बोलणारा गुरू ज्या परंपरेत होऊन गेला तिच्यात आज गुरूच्या नावावर काय काय चालतं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. मला त्याची चीड येते. माणसाला देव करून बसवायचं आणि विसर्जनाच्या अक्षता टाकायच्याच नाहीत, यातून ते सगळं सुरू होतं असं माझं मत आहे. ज्या गुरूला आपण चौरंगावरून उतरायचं कधी हे कळतं, त्याच्यापाशी खुशाल डोळे मिटून बसावं. बाईंपाशी मी तशी बसले.

आता बाई कार्यांना जात नाहीत. पाटावर बसणं गुडघ्यांना झेपत नाही. वर्ग मी घेते. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, एक संगणक कंपनीतली मुलगी आहे, एक कासारीण आहे जिचा आवाज आम्हा सगळ्यांत गोड आहे. त्यांनाही अर्थ आधी हवा असतो. मीही त्यांना आधी तळहात शिकवते, रिकाम्या ताम्हणात पाणी सोडायला लावते आणि कोपर खाली दाबते. मात्र कार्यात मी बाईंहून वेगळी वागते. ज्ञानप्रबोधिनीनं पुण्यात संस्कारविधी मराठीतून अर्थ सांगत करायची जी पद्धत रूढ केली, ती मला पटते. समोरच्या दोनशे माणसांना काय चाललं आहे हे कळायलाच हवं. सप्तपदीला मी प्रत्येक पावलाआधी थांबते आणि सांगते: हे अन्नासाठी, हे बळासाठी, हे धनासाठी, हे सुखासाठी, हे संततीसाठी, हे ऋतूंसाठी, आणि सातवं मैत्रीसाठी. सातव्या पावलाला मांडवात हमखास शांतता होते. इतका वेळ आशीर्वादात न आलेला मित्र तिथे येतो, तो सगळ्यांना लागतो.

बाईंना हे मान्य नाही. गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला मी पुरोहित होते आणि त्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. नंतर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बोलायचं ते होमाच्या आधी बोलून घे. एकदा अग्नी पेटला की त्याला ताटकळत ठेवू नये. लाह्यांची आहुती पडली की मुलीचं लक्ष ज्वाळेकडे हवं, तुझ्या व्याख्यानाकडे कशाला?" लाजाहोमाबाबत मी ते ऐकलं. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा मी आता गप्प असते. सप्तपदीबाबत मी अजून माझ्याच मताला धरून आहे, आणि त्याही त्यांच्या मताला. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाते. पुढच्या आठवड्यातली कार्यं वाचून दाखवते, त्या समिधा मोजायला लावतात, आणि सप्तपदीचा विषय निघाला की आमचं परत पहिल्यापासून सुरू होतं.